वादळाचा हंगाम आणि आपली आगोट

(ह्यूस्टन येथील आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी मे महिन्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाचा आनंदाचा दिवस, गाण्यांचा कार्यक्रम व्हावयाचा आहे, पाककृतींची स्पर्धा व्हावयाची आहे, आणि मी मात्र वादळाचा विषय घेऊन उभी राहिले आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या मंडळाचा वाढदिवस येतो मे महिन्यात, आणि १ जूनला अटलांटिक महासागरातील हरिकेनांचा हंगाम सुरू होतो. तो संपतो ३० नोव्हेंबरला. म्हणजे आपले बहुतेक सणवार ह्या हंगामातच पडतात. त्यातही सप्टेंबरचा दुसरा आठवडा हा हंगामाचा ऐन भर, म्हणजे नेमके गणपतीचे दिवस. २०१७ साली गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वे वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर आले. २००८ साली आइक आले ते १३ सप्टेंबरला, विसर्जनाच्या तोंडावर. तेव्हा हा विषय आपल्या मंडळाचाच आहे, असे मी म्हणते.

माझे बालपण कोकणात गेले. मृगाच्या आधी घरोघर जी धांदल उडे तिला आमच्याकडे आगोटीची बेगमी म्हणत. छप्पर शाकारायचे, लाकूडफाटा माळ्यावर रचायचा, मीठ, मिरची, कडधान्ये, सुकी मासळी भरून ठेवायची. गुढीपाडव्याला पंचांग वाचले जाई आणि यंदा पर्जन्य किती आढक, हेही कानांवर पडे. पण आढक कमी सांगितले म्हणून कोणी छप्पर शाकारायचे थांबले आहे, असे मी कधी पाहिले नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. बाकीचा विस्तार आहे.

इथेही दरवर्षी एक आकडा वर्तविला जातो. एप्रिलमध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचा अंदाज येतो, मेमध्ये सरकारी हवामानखात्याचा. यंदा नाव मिळालेली वादळे इतकी, त्यांतली हरिकेने इतकी आणि मोठी हरिकेने इतकी, असा हिशेब असतो. वाऱ्याचा वेग ताशी ३९ मैलांवर गेला की वादळाला नाव मिळते, ७४ वर गेला की ते हरिकेन होते आणि १११ वर गेला की मोठे हरिकेन. १९९१ ते २०२० ह्या तीस वर्षांची सरासरी अनुक्रमे १४, ७ आणि ३ अशी आहे. नावांची एक गंमत सांगते. १९५३ पासून १९७८ पर्यंत अटलांटिकमधील वादळांना फक्त बायकांचीच नावे देत! फ्लोरिडातील रॉक्सी बोल्टन ह्या बाईंनी त्याविरुद्ध पुष्कळ आवाज उठविला, आणि १९७९ पासून पुरुषांचीही नावे यादीत आली. नासधुशीचा मान आता दोघांनाही वाटून मिळतो.

हा अंदाज म्हणजे केवळ तर्क नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. कोलोरॅडोच्या विद्यापीठातील विल्यम ग्रे ह्या प्राध्यापकांनी १९८४ साली त्याची सुरुवात केली. समुद्र तेथून हजार मैल दूर, पण जुन्या नोंदी चाळून त्यांनी वादळांचा संबंध दूरच्या गोष्टींशी जोडून दाखविला. हरिकेनाचे इंधन म्हणजे गरम समुद्राची वाफ. पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असले की भट्टी पेटू शकते. आफ्रिकेकडून हवेच्या लाटा येत असतात, त्या बहुतेक वादळांचे बीज होत. पण वादळ हे भोवऱ्यासारखे असते. ते ताठ उभे राहिले तरच जोराने फिरते. वरचा वारा एका वेगाने आणि खालचा दुसऱ्या वेगाने वाहू लागला, की भोवरा कलंडतो.

येथे एल निनोचा संबंध येतो. पॅसिफिक महासागराचे पाणी तापले की आपल्या गावाकडे पावसाची काळजी पडते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. तोच एल निनो अटलांटिकवरचा वरचा वारा वाढवितो आणि इथली वादळे मोडून काढतो. जो देशावरच्या शेतकऱ्याचा वैरी, तो ह्यूस्टनकराचा मित्र! उलट पॅसिफिक गार पडला, म्हणजे ला निना आली, की इथे वादळांना मोकळे रान मिळते. अर्थात हा नियमही पक्का नाही. २०२३ साली एल निनो असूनही अटलांटिकचे पाणी इतके तापले होते की वीस वादळांना नावे द्यावी लागली.

२०२४ च्या मेमध्ये हवामानखात्याने १७ ते २५ वादळे सांगितली होती. झाली १८. हरिकेने ८ ते १३ सांगितली होती, झाली ११. आता ह्याहून अधिक अचूक काय हवे? मग मी पंचांगाचा दाखला का दिला, असे तुम्ही विचाराल.

त्याचे कारण असे की, आकडा बरोबर ठरला तरी त्यातले कोणते वादळ कोणाच्या दारात येईल हे तो सांगत नाही, आणि मेमध्ये ते कोणालाच सांगता येत नाही. १९८३ साली सबंध हंगामात फक्त चार वादळांना नावे मिळाली. इतका थंड हंगाम क्वचितच झाला असेल. पण त्या चारांतले पहिले अलिशिया, आणि ते १८ ऑगस्टला गॅल्व्हेस्टनवरून सरळ आपल्या ह्यूस्टनवर आले. शहराच्या मध्यभागातील उंच इमारतींच्या काचांचा रस्त्यांवर सडा पडला. १९९२ सालही असेच. हंगामात सहाच नावे. पहिले नाव अँड्र्यू. २४ ऑगस्टला ते दक्षिण फ्लोरिडावर आले आणि होमस्टेड गाव त्याने भुईसपाट केले. २०२५ साली १३ वादळे झाली, म्हणजे जवळजवळ सरासरीइतकीच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आले नाही. आपण सुटकेचा श्वास टाकला. पण २८ ऑक्टोबरला मेलिसा ताशी १८५ मैलांच्या वाऱ्यानिशी जमैकावर आदळले. जमैकातल्या बाईला विचारा, हंगाम सौम्य होता का म्हणून. माझ्या घराच्या दृष्टीने हंगामात वादळे दोनच प्रकारची, आलेली आणि न आलेली. आलेले एकच पुरे होते.

म्हणून मेमधला आकडा ऐकावा आणि सोडून द्यावा. तो विमाकंपन्यांना, सरकारी खजिन्याला, मदतसंस्थांना उपयोगाचा आहे. आपल्या उपयोगाचा अंदाज तो शेवटच्या पाच-सात दिवसांचा. त्यासाठी माणसांनी किती खटाटोप केला आहे! हवानाच्या बेलेन विद्यालयात बेनितो विन्येस नावाचे एक पाद्री होते. आकाशातल्या उंच, पिंजलेल्या कापसासारख्या ढगांची दिशा पाहून वादळ कोठे आहे हे ते ओळखीत. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी वादळ येण्याच्या दोन दिवस आधी इशारा छापून दिला. क्यूबात ही विद्या रुजली. पण १९०० साली अमेरिकेच्या हवामानखात्याने क्यूबातील जाणत्यांच्या तारा बंद करविल्या होत्या. वादळ फ्लोरिडाकडे वळेल असा वॉशिंग्टनचा होरा होता. ते ८ सप्टेंबरला गॅल्व्हेस्टनवर आले. निदान सहा हजार माणसे गेली. काहींच्या मते बारा हजार. समुद्रकाठच्या अनाथाश्रमात दहा जोगिणी आणि नव्वदहून अधिक मुले होती. जोगिणींनी कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांनी मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले. वाचले ते फक्त तीन मुलगे. आपण सहलीला जातो ती गॅल्व्हेस्टनची सतरा फूट उंच समुद्रभिंत त्यानंतर बांधलेली आहे.

आज उपग्रह आहेत, आणि वादळाच्या पोटात शिरणारी विमाने आहेत. जोसेफ डकवर्थ ह्या वैमानिकाने पहिल्यांदा असे विमान नेले ते १९४३ साली, ह्याच गॅल्व्हेस्टनजवळ. गेल्या तीस वर्षांत वादळाच्या मार्गाच्या अंदाजातील चूक निम्म्याहून कमी झाली आहे. असा अमोल अंदाज हाती असताना तो आपल्याला वाचता आला पाहिजे. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, दूरचित्रवाणीवर दाखवितात त्या शंकूची. तो शंकू म्हणजे वादळाची रुंदी नव्हे. वादळाचे केंद्र कोठकोठे असू शकेल, एवढेच तो दाखवितो. दर तीन वेळांतून सुमारे दोन वेळा केंद्र त्या शंकूत राहते, म्हणजे एकदा बाहेर जाते. आपले घर रेघेच्या बाहेर आहे म्हणून निर्धास्त झोपू नये.

दुसरी गोष्ट, 'वॉच' आणि 'वॉर्निंग' ह्या दोन शब्दांची. हरिकेन वॉच म्हणजे वादळाची शक्यता आहे. तो साधारण अठ्ठेचाळीस तास आधी देतात. वॉर्निंग म्हणजे वादळ येणारच असे समजा. ती छत्तीस तास आधी. वॉच लागला की तयारी पुरी करावी, वॉर्निंग लागली की बाजारात जाऊ नये.

तिसरी गोष्ट, एक ते पाच ह्या श्रेणीची. ही श्रेणी फक्त वाऱ्याची आहे, पाण्याची नाही. आइक दुसऱ्या श्रेणीचे होते, पण समुद्राचे पाणी बोलिव्हर द्वीपकल्पावर पंधरा ते वीस फूट चढले आणि घरेच्या घरे धुऊन गेली. हार्वे आपल्यापाशी पोचले तेव्हा हरिकेनही राहिले नव्हते; पण नेदरलँड गावी त्याने साठ इंचांहून अधिक पाऊस पाडला. म्हणूनच इथे म्हणतात की पाण्यापासून पळावे आणि वाऱ्यापासून लपावे. आपले घर भरतीच्या पट्ट्यात असेल आणि घर सोडण्याचा हुकूम निघाला, तर निघावे. नसेल, तर उगाच मोटारी काढून रस्ते अडवू नयेत. २००५ साली रीटाच्या वेळी वीस लाखांहून अधिक माणसे एकदम निघाली, रस्त्यांवर तासन्‌तास अडकली. वादळ पूर्वेला वळले, पण त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसे दगावली.

आता घरच्या आगोटीकडे वळते. माणशी रोज एक गॅलन पाणी, निदान एक आठवड्याचे. वॉर्निंग लागताच न्हाणीचा टब भरून ठेवावा, तो मोरीला उपयोगी पडतो. चूल न पेटविता खाता येईल असे आपल्याकडे पुष्कळ आहे. सातूचे पीठ, चिवडा, भडंग, लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खाकरे, मेतकूट. डबाबंद कडधान्ये धुऊन लिंबू पिळले की उसळ झाली! वीज गेल्यावर फ्रिज उघडू नये. बंद फ्रिजमधले अन्न चार तास टिकते आणि गच्च भरलेला बर्फाचा कप्पा दोन दिवस. त्यानंतर जीव अडकवून न ठेवता टाकून द्यावे. औषधे दोन आठवड्यांची. पासपोर्ट, ओसीआय, विम्याचे कागद, दागिने ही सारी एका जलरोधक पिशवीत. मोटारीत पेट्रोल भरलेले. विजेरी, तिच्या बॅटऱ्या आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ. फोन नंबर कागदावर लिहिलेले, कारण फोन मेला की नंबर गेले.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. पुराच्या पाण्यात मोटार घालू नये; एक फूट वाहते पाणी लहान मोटार वाहून नेते. आणि जनित्र घरात, गॅरेजात वा खिडकीशी लावू नये, वीस फूट लांब ठेवावे. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. २०२० साली लुइझियानात लॉरा वादळाच्या वेळी समुद्राच्या लाटेपेक्षा ह्या वायूने अधिक माणसे घेतली.

आणि एक काम आजच करावयाचे. घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान मिळत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा तीस दिवसांनी लागू होतो. वादळ नकाशावर दिसू लागल्यावर तो घेऊन काही उपयोग नाही. "आमचा भाग पुराच्या पट्ट्यात नाही" असे म्हणणाऱ्या हजारो घरांत हार्वेचे पाणी शिरले.

भगिनींनो, एवढी तयारी बहुतेक घरांत होईल. पण एक बेगमी अशी आहे की ती एकट्या घराला करता येत नाही. आपल्याच एका भगिनीच्या घरची हकीकत तिच्या अनुमतीने सांगते. ८ जुलै २०२४ ला बेरिल आले. श्रेणी पहिली, म्हणजे सर्वांत खालची. पण ह्यूस्टनच्या परिसरातील वीस लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली, कित्येकांकडे आठवडाभर आली नाही, आणि वर जुलैचा उष्मा. ह्या भगिनी रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या कामावर अडकल्या, यजमान परगावी. घरी महिन्यापूर्वीच भारतातून आलेले सासूसासरे. फोन बंद पडले. परक्या देशात दार उघडू नये म्हणून दोघांनी दारेखिडक्या लावून घेतल्या आणि आत बसून राहिले. त्या घरात दोन म्हातारी माणसे आहेत हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या मेक्सिकन कुटुंबातली बाई प्रत्येक दार ठोठावीत पाण्याच्या बाटल्या वाटीत आली. सासूबाई तेव्हा जमिनीवर निपचित पडल्या होत्या, बोलणे असंबद्ध झाले होते. भाषा एकमेकींची कळत नव्हती. पण त्या बाईने ओले पंचे घातले, आपल्या जनित्रावर चालणाऱ्या पंख्याखाली नेऊन निजविले, मुलाला पाठवून मदत बोलाविली. सासूबाई वाचल्या. त्याच उष्म्याने ह्या शहरात इतर कितीतरी वृद्ध गेले.

त्या दोघांना वारा लागला नाही, पाणी लागले नाही, घराचे कौलही हलले नाही. घरात पाणी होते, चिवडा होता. नव्हती ती फक्त विचारपूस.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण एक वही करू या. प्रत्येक सभासदाच्या घरी कोण राहते, भारतातून कोण आले आहे आणि कधीपर्यंत आहे, इन्सुलिन किंवा विजेवरचे यंत्र कोणाला लागते, जनित्र कोणाकडे आहे, कोणाचे घर पाण्यात जाते, आणि राज्याबाहेरचा कोणता नातेवाईक निरोप पोचवील. दोन-दोन घरांची जोडी लावू. वॉच लागला की एकीने दुसरीला फोन करायचा आणि वादळ ओसरल्यावर फोनची वाट न पाहता चालत जाऊन दार वाजवायचे. दार वाजविणारी कोण, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून, तोंडओळख करून ठेवायची. आणि ही वही फक्त मराठी घरांची नको. आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या गोऱ्या आजी, ते मेक्सिकन कुटुंब, तीही त्यात हवीत. ज्यांना घर सोडायला मदत लागेल, त्यांनी २११ क्रमांकावर फोन करून राज्याच्या यादीतही नाव घालावे. ते फुकट आहे. मात्र दरवर्षी पुन्हा नोंदवावे लागते.

यंदाच्या हंगामाचा आकडा मी मुद्दामच सांगितला नाही. तो वर्तमानपत्रांत येतोच. तो मोठा असला तरी वही हवी आणि लहान असला तरी वही हवी. चिटणीसबाईंना विनंती की पाककृतींची स्पर्धा सुरू होण्याआधी त्यांनी टेबलावर कोरी वही आणि पेन ठेवावे, आणि प्रत्येकीने आपले पान भरूनच ताट घ्यावे. हंगाम चार दिवसांवर आला आहे.